माणशी पाणी : माळशिरसच्या विकासाचा फेरविचार



स्मृतिव्याख्यान म्हणजे गेलेल्या माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय एक पाऊल पुढे नेणं, असं मी मानतो. म्हणून प्रास्ताविकात वेळ न घालवता थेट विषयाला हात घालतो. ग्रामीण विकासाचा फेरविचार हा विषय मला दिलेला आहे. तो देशाच्या पातळीवर बोलता येईल, राज्याच्या पातळीवर बोलता येईल. पण माळशिरसमध्ये उभं राहून तो माळशिरसबद्दलच बोलला पाहिजे, कारण विकास म्हणून महाराष्ट्राने गेल्या शंभर वर्षांत जे जे केलं ते बहुतेक सगळं या एका तालुक्यात बघायला मिळतं: कालवा, साखर कारखाना, सहकार, शिक्षणसंस्था, बाजारपेठ. आणि हे सगळं असूनही जे राहून गेलं, तेही इथेच दिसतं.

सुरुवात पुरंदरपासून करतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरंदर तालुक्यातल्या सासवडचे माळी बागायतदार नीरेच्या कालव्याच्या काठाकाठाने खाली सरकत आले. जमिनी खंडाने घ्यायच्या, पाटाचं पाणी घ्यायचं, ऊस लावायचा, गूळ करायचा. ऊस कसा करावा हे त्यांना ठाऊक होतं आणि पदरचा पैसा मातीत घालायची त्यांची तयारी होती. 1928 साली भाटघरला नवं मोठं धरण पूर्ण झालं, नीरा उजव्या कालव्याला भरवशाचं पाणी मिळण्याची सोय झाली आणि कधी काळी दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख बागायतीच्या नकाशावर आला. 1932 साली सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण दिलं. त्याच वर्षी या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या भांडवलावर कारखान्याची कंपनी स्थापन केली. दि सासवड माळी शुगर फॅक्टरी. जिथे माळरान होतं तिथे माळीनगर उभं राहिलं. शेतकऱ्यांनी स्वतः साखर कारखाना काढण्याचा हा देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्यानंतर दीड दशकाने नोंदला गेला. माळीनगरच्या लोकांनी काय केलं याचा पुरेसा अभिमान आपण बाळगत नाही, असं मला नेहमी वाटतं. त्यानंतर श्रीपूरचा कारखाना आला, पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने अकलूजचा सहकारी कारखाना आला, सदाशिवनगरचा आला. आज सोलापूर जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात नाहीत.

ही पुरंदरहून माळशिरसला आलेली गोष्ट. आता त्याच पुरंदरात जन्मलेली दुसरी गोष्ट सांगतो, जी इकडे आली नाही.

1972 च्या दुष्काळात पुण्यात स्वतःचा कारखाना चालवणारे एक इंजिनिअर, विलासराव साळुंखे, पुरंदरात फिरले. रोजगार हमीच्या कामावर माणसं खडी फोडत होती. पाऊस पडत नाही असं नव्हतं. पडलेला थेंब अडत नव्हता आणि अडलेला थेंब कुणाचा हे ठरलेलं नव्हतं. नायगावला देवस्थानची 40 एकर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीने घेतली, तिथे बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, विहीर खोदली. ज्या जमिनीत काही पोती धान्य निघत नव्हतं तिथे पीक उभं राहिलं. असं जमिनीचं काम महाराष्ट्रात इतरांनीही केलं आहे. साळुंखेंचं वेगळेपण त्यापुढच्या पायरीवर आहे. मिळालेलं पाणी वाटायचं कसं, याचे नियम त्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ठरवले. पाणी माणशी अर्धा एकराला, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरापर्यंतच. शेत दहा एकराचं असेल तरी पाणी घरातल्या डोक्यांप्रमाणे. भूमिहीनालाही हक्काचा वाटा, तो त्याने दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने वापरावा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. योजना एकट्याची नाही, गटाची. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. आणि बारमाही पीक, म्हणजे मुख्यतः ऊस, लावायचा नाही. या पद्धतीला पाणी पंचायत असं नाव पडलं.

नीरेच्या खोऱ्यातल्या एकाच तालुक्यातून उसाची विद्याही निघाली आणि माणशी पाण्याचा नियमही निघाला. पहिल्या गोष्टीचा रस्ता आपण पक्का बांधला. दुसरीला वेशीवरच थांबवलं. आज मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे: माळशिरससारख्या तालुक्यात सामाजिक न्याय आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय नाहीत. पाणी एकरामागे जायचं की माणसामागे, या एका प्रश्नात ते दोन्ही येतात. तो सुटला तर दोन्हींना वाट मिळते, नाही तर दोन्ही अडतात.

तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर नीरा, पूर्वेला भीमा, आणि मधून गेलेला उजवा कालवा. कालव्याच्या आणि नदीच्या मधली पट्टी काळी, सुपीक, बागायती. अकलूज, माळीनगर, वेळापूर, नातेपुते ही नावं त्या पट्टीतली. कालव्याच्या वरच्या अंगाला, दक्षिणेकडे शिखर शिंगणापूरच्या डोंगररांगेकडे आणि पिलीवच्या बाजूला सरकत जा. मुरूम वर येतो, झाड खुरटतं, आणि दर दोन-तीन उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचा टँकर दिसतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच, साधारण साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. पंचायत समिती एकच, बाजार एकच. फरक पाडला तो कालव्याने. कालव्याचं पाणी उताराने जातं, ते वर चढत नाही. अभियंत्याच्या दृष्टीने हा साधा भूगोल आहे. पण त्या भूगोलावर आपण शंभर वर्षांची समाजरचना उभी केली: खालच्या अंगाचा बागायतदार झाला आणि वरच्या अंगाचा त्याच्याकडे मजुरीला आला.

आणि खालच्या अंगालाही सगळे सारखे नाहीत. तोंडाजवळच्या शेताला पाळी मिळते. टेलच्या शेतकऱ्याला, म्हणजे पंढरपूर-सांगोल्याकडच्या शेवटच्या चाऱ्यांवरच्या माणसाला, आवर्तन आलं की नाही हे मोटारसायकलवर फिरून बघावं लागतं. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला या सगळ्या यंत्रणेत नावच नाही. 2005 साली राज्याने शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, पाणी वापर संस्था आल्या. चांगला कायदा. पण संस्थेचा सभासद लाभक्षेत्रातला जमीनधारक. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, वाट्याने करणारा, सालगडी, गावकुसाबाहेरचं घर, मेंढपाळ, यांना पाण्याच्या बैठकीत बसायला कायद्याने खुर्चीच ठेवलेली नाही. माळशिरस विधानसभा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ज्या समाजाला आपण विधानसभेत बसवतो, त्यातली बहुसंख्य कुटुंबं चारीवरच्या पाणीवाटपाच्या बैठकीत बसू शकत नाहीत, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांना जमीन मिळालीच नव्हती. पाण्याचा हक्क जमिनीला बांधला की जुना अन्याय नव्या धरणातून पुन्हा वाहू लागतो.

हे लोकांना पूर्वी दिसलं नव्हतं असं नाही. नीरा डाव्या कालव्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतच ऊस एका जागी दाटू लागला, जमिनी पाणथळ होऊ लागल्या. तेव्हा पुण्यात कार्यकारी अभियंता असलेल्या विश्वेश्वरय्यांनी 1903 च्या सुमारास ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राचा ब्लॉक धरायचा, त्यातल्या एका तृतीयांशावर ऊस, उरलेल्यावर हंगामी पिकं, आणि पाणी एका गावात न कोंडता अनेक गावांत पसरवायचं. म्हणजे उसाला मर्यादा घालण्याची कल्पना कुण्या आजच्या पर्यावरणवाद्याची नाही. ती या कालव्याइतकीच जुनी आहे. ब्लॉक कागदावर राहिला आणि ऊस शेतावर पसरला.

त्याहूनही मागे जायचं तर जोतीराव फुले. त्यांचं घराणं पुरंदरातल्याच खानवडीचं. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी 1883 मध्ये लिहून पूर्ण केलं. त्यात त्यांनी सरकारला सुचवलं की पलटणीतले आणि पोलिसांतले लोक कामाला लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीला मिळेल. जंगलखात्याने गायरानं आणि चराईची रानं ओढून घेतल्याने गरीब शेतकऱ्याचं आणि धनगराचं काय झालं, तेही त्यांनी तिथेच मांडलं. पाणलोट विकास, गायरान, चराईचा हक्क: आज ज्याला आपण शाश्वत विकास म्हणतो त्यातला निम्मा भाग सासवडच्या शेजारच्या गावचं मूळ असलेल्या माणसाने 140 वर्षांपूर्वी मांडला होता.

आता उसाबद्दल बोलतो, कारण त्याला टाळून माळशिरसमध्ये काहीच बोलता येत नाही. शहरात बसून ऊस लावणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. ऊस हे असं एकमेव पीक आहे ज्याची किंमत कायद्याने ठरते आणि चौदा दिवसांत द्यायचं बंधन कायद्याने घातलेलं आहे, मग ते पाळलं जावो न जावो. गिऱ्हाईक दारात येतं, तोडणी तेच करतं, वाहतूक तेच करतं. गारपिटीने द्राक्ष झोपतं, डाळिंबावर तेल्या येतो, कांदा रस्त्यावर ओतावा लागतो. ऊस मात्र उभा राहतो. त्याला राखण लागत नाही, मुलगा पुण्यात नोकरीला असला तरी शेत चालतं. एवढी हमी ज्वारीला, तुरीला, करडईला कुणी दिली? ती दिलेली नसताना शेतकऱ्याने ऊस सोडावा असं म्हणणं म्हणजे त्याला पुराच्या पाण्यात नावेतून उतर म्हणण्यासारखं आहे.

पण हिशेबही बघितलाच पाहिजे. एक हेक्टर उसाला पाटाने 20 ते 25 हजार घनमीटर पाणी लागतं, आडसाली असेल तर आणखी. हंगामी पिकाला चार-पाच हजार पुरतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. तेवढ्या पाण्यावर साधारण अकराशे हेक्टर ऊस होतो. किंवा साडेपाच हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी हेक्टरभर हंगामी पिकाचं पाणी मिळतं. महाराष्ट्रातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून कितीतरी जास्त. राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. जमिनीचे तुकडे होत गेले, माणसं वाढत गेली, आणि पाणी मात्र त्याच पिकामागे, त्याच पट्टीत.

या पाण्याने खालच्या पट्टीचंही भलं केलं असं सरसकट म्हणता येत नाही. भीमाकाठच्या, नीराकाठच्या भारी काळ्या रानांत पाणी जास्त झालं की निचरा होत नाही, खालचे क्षार वर चढतात, उन्हाळ्यात रान पांढरं पडतं. आपण त्याला चोपण म्हणतो, क्षारपड म्हणतो. ज्या आजोबांनी त्या रानात एकरी साठ टन काढला त्यांच्या नातवाला तीस टनांवर समाधान मानावं लागतं, आणि तेही खताची मात्रा वाढवून. पाडेगावच्या संशोधन केंद्राने 2007 मध्ये को-एम 0265 ही जात दिली, आपल्याकडे सगळे तिला 'दोनशे पासष्ट' म्हणतात. ती क्षारपड रानातही तग धरते म्हणून शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतली. शास्त्रज्ञांचं कौतुक आहेच. पण बिघडलेल्या जमिनीत तगणारं बेणं शोधलं म्हणजे जमीन सुधारली असं होत नाही. सच्छिद्र नळ्या घालून निचरा करणं, हिरवळीची खतं, पाचट न जाळता सरीत कुजवणं, आणि मुळात पाणी कमी देणं, हे उपाय माहीत आहेत. ते एकट्याने होत नाहीत. शेजाऱ्याने पाणी तुंबवलं तर माझ्या रानातल्या नळ्या काय करणार?

भीमेवरच्या उजनी धरणाचंही तेच. धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसी, त्यातली सुमारे 63 टीएमसी मृतसाठा. 2024 च्या जानेवारीत धरण शून्यावर आलं आणि उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. वरून पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी त्याच पात्रात येतं. मृतसाठ्यात उरलेलं ते पाणी पिऊन सोलापूर शहर आणि नदीकाठची गावं दिवस काढतात. त्याच सुमारास केंद्र सरकारने आधी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं आणि मग सैल केलं. नदीचं धोरण दिल्लीतल्या साखरेच्या साठ्यावरून ठरत असेल तर नदीकाठच्या माणसाने कुणाकडे बघायचं?

या साखळीतला शेवटचा माणूस आपल्या तालुक्यात दर हिवाळ्यात येतो, आणि बहुतेक वेळा आपण त्याच्याकडे बघतच नाही. दसरा झाला की बीडकडच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाच्या कडेला कोपी, पहाटे तोडणी, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढं विकून दोन पैसे मिळवायचे. पोरं बरोबर, शाळा सुटलेली. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, दुखणं अंगावर काढायचं आणि मग गावाकडचा डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. हा आकडा बीडचा आहे म्हणून आपला नाही, असं मला म्हणवत नाही. त्या बायका ज्या फडांत राबल्या त्यात आपलेही फड होते.

सहकारी कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस घालणारा भागधारक. ज्याच्या कोयत्यावर कारखान्याचा गव्हाणपट्टा चालतो तो सभासद नाही, त्याला मत नाही, वार्षिक सभेत त्याचा विषय नाही. आता तोडणी यंत्रं येत आहेत. त्यांचं कर्ज, अनुदान सगळं मिळतं. यंत्र वाईट नाही, कंबर मोडणारं काम यंत्राने करावं हेच बरं. पण यंत्र आल्यावर त्या लाखो माणसांनी जायचं कुठे, हा प्रश्न यंत्राच्या अर्जात विचारलेला नसतो. तो त्यांच्या गावच्या कोरडवाहू शेतीचा प्रश्न आहे, म्हणजे पुन्हा पाण्याचाच. माळशिरसला माणशी पाणी नाही आणि आष्टी-पाटोद्यालाही नाही, म्हणून तिथला माणूस इथे ऊस तोडतो आणि इथल्या वरच्या अंगाचा माणूस पुण्याला रोजंदारीवर जातो.

मग करायचं काय? मला ठराव करायला आवडत नाहीत, कामं सांगायला आवडतात.

पहिली गोष्ट नव्या पाण्याची. भोर तालुक्यातलं नीरा-देवघर धरण बांधून अनेक वर्षं झाली, त्यातलं पाणी माळशिरसच्या कोरड्या गावांसाठी मंजूर आहे, आणि कालवे रखडल्यामुळे ते इतकी वर्षं दुसरीकडे वळत राहिलं. डाव्या कालव्याला किती, उजव्याला किती यावरून 2019 मध्ये किती वाद पेटला तो आपण सगळ्यांनी पाहिला. तो वाद दोन कालव्यांतल्या दोन बागायती पट्ट्यांचा होता. ज्यांच्या नावाने धरण बांधलं ती गावं त्यात बोलत नव्हती. आता राज्याचं धोरण बदललं आहे: उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळांतून पाणी द्यायचं. हा बदल तांत्रिक वाटतो, पण माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतली ही सर्वांत मोठी संधी आहे. पाट फक्त खाली वाहतो. नळ दाबाखाली चालतो, वळणं घेतो, थोडंफार वरही चढवता येतो, आणि मुख्य म्हणजे मोजता येतो. 'कालव्याच्या वर पाणी नेता येत नाही' हे कारण आता संपलं. नळ जमिनीत गाडण्याआधीच ठरवलं पाहिजे की हे पाणी गावागावांत माणशी वाटलं जाईल. एकदा कुणी चाळीस एकर ऊस उभा केला की त्याच्याकडून पाणी काढून घेणं कुठल्याही सरकारला जमलेलं नाही. पाणी यायच्या आधी नियम करणं मात्र जमतं. शेजारी सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांनी वर्षानुवर्षं आटपाडीला पाणी परिषदा घेऊन समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली, ती याच तर्काने. त्या चळवळीमुळे टेंभूसारख्या योजनेत हा विचार सरकारला ऐकावा लागला. माळशिरसची वरच्या अंगाची गावं त्या परिषदांच्या किती जवळ आहेत! तरी आपण तिकडे कमी गेलो.

दुसरी गोष्ट ठिबकची. 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी कशी झाली ते शिवारात दिसतंच. पण समजा शंभर टक्के झाली. तरी एक धोका राहतो. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर तोच शेतकरी आणखी दोन एकर ऊस लावतो. मग पाणी वाचलं कुठे? अनुदान सगळ्यांच्या करातून जातं, तर वाचलेल्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क हवा. ठिबकच्या अनुदानाबरोबर लेखी अट हवी की वाचलेला कोटा टेलला आणि वरच्या गावांना जाईल. पाणी घनमापाने मोजून घेता येतं आणि शेतकरी ते आपणहून सांभाळतात, हे नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकापासून दाखवून दिलं आहे.

तिसरी गोष्ट जमिनीखालच्या पाण्याची, आणि इथे मला जास्त काळजी वाटते. कालवा निदान डोळ्यांना दिसतो. बोअर दिसत नाही. शेततळ्याला अनुदान मिळतं, त्यात प्लास्टिकचा कागद घालतात, आणि पावसाच्या पाण्याऐवजी ते बोअरने भरतात. म्हणजे सगळ्यांच्या पोटातलं पाणी उपसून एकाच्या तळ्यात साठवायचं. ज्याच्याकडे पैसा तो पाचशे फूट जातो, ज्याच्याकडे नाही त्याची साठ फुटांची विहीर कोरडी पडते. हिवरे बाजारने ग्रामसभेत ठरवून शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी टाळली, आणि दर वर्षी पावसाच्या मापावर पाण्याचा ताळेबंद मांडला. 2009 चा भूजल कायदा आपल्याकडेही लागू आहे. लोक म्हणतात, हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसारखा माणूस सगळीकडे कुठून आणायचा? माणसांची गोष्ट मी मानतो. पण ताळेबंद मांडायला पर्जन्यमापक, विहिरींच्या पातळ्या आणि ग्रामपंचायत अधिकारी लागतो. ही तिन्ही कुठल्याही गावाला मिळू शकतात.

पाणी पंचायतीबद्दल एक कडू गोष्टही सांगायला हवी, नाही तर मी फक्त गौरव केल्यासारखं होईल. तिथल्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. वीजबिलं थकली, पंप बिघडले, काहींनी स्वतःच्या विहिरी खोदून गट सोडला. 2002 मध्ये साळुंखे गेले. टीकाकार म्हणतात, बघा, हे चालत नाही. मी उलट विचारतो. साखर कारखाने थकले तेव्हा सरकारने त्यांना किती वेळा हमी दिली, कर्ज फिरवून दिलं, व्याज माफ केलं? त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका आधार माणशी पाण्याच्या योजनांना मिळाला असता तर त्या बंद पडल्या असत्या का? त्याच पुरंदरने आज अंजीर आणि सीताफळात नाव काढलं आहे. कमी पाण्यावर पैसा देणारं पीक असतं, फक्त त्याला बाजार, साठवण आणि भावाचा आधार लागतो. माळशिरसच्या वरच्या अंगाला ज्वारी, मका, तूर, चारापिकं आणि मेंढी आहे. मेंढीच्या लोकरीला आणि मटणाला कारखान्याइतकी नियमित बाजारव्यवस्था दिली, गायरानांवरची चराई कायम राखली, तर धनगर समाजाला कोकणात उतरताना दर गावात वाटाघाटी कराव्या लागणार नाहीत. मेंढरांचं खत क्षारपड रानाला हवंच आहे. अकलूजच्या जनावरांच्या बाजाराला जे जमलं ते पिलीवच्या मेंढीला का जमू नये, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

कारखान्यांकडूनही माझी एक मागणी आहे, आणि ती मी या तालुक्यातल्या संचालकांकडे हात जोडून करतो. तुमच्याकडे प्रत्येक गटाच्या लागणीची नोंद आहे, कुणाचा किती ऊस कुठल्या पाण्यावर आहे ते तहसीलदारापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे. सभासदाच्या उसाची नोंद घेताना एका मर्यादेपलीकडचं क्षेत्र घेऊ नका, छोट्याचा ऊस आधी तोडा, आणि कोयत्याला वार्षिक सभेत बोलायची जागा द्या. सहकाराची सुरुवात ज्या शेतकऱ्यांनी केली त्यांनी सावकाराविरुद्ध केली होती. मुकादमाची उचल हीही सावकारीच आहे.

हे सगळं एका गावाने सुरू करायचं ठरवलं तर पहिलं काम काय? यादी. गावातल्या माणसांची, जमिनीची नाही. प्रत्येक घरात माणसं किती, त्यांना पिण्याचं, जनावरांचं, शेतीचं पाणी आज कुठून मिळतं, घरातल्या कुणाच्या नावे सातबारा आहे आणि कुणाच्या नाही. ही यादी ग्रामसभेने करायची. इथे एक अडचण आहे, ती मुद्दाम सांगतो. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून कोयत्यावर जाणारी माणसं गावातून हलू लागतात, मेंढपाळ दिवाळीनंतर बाहेर पडतो. सव्वीस जानेवारीला आणि एक मे रोजी गावात असतो तो मुख्यतः जमीनवाला. म्हणून माणशी पाण्याची यादी वाचायची असेल तर ती पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचा. त्या दिवशी मेंढरं घराजवळच्या माळावर असतात, कोयते घरी असतात, आणि नवरा बाहेर असलेल्या बायकाही सवड काढून येऊ शकतात. येत्या पंधरा ऑगस्टला निदान पाच गावांनी हे केलं, तर नीरा-देवघरच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवायला सर्वे नंबरांच्या यादीबरोबर माणसांचीही एक यादी तयार असेल. ती कशी करायची यावर आत्ता, सभा संपल्यावर, इथेच थांबून बोलायची माझी तयारी आहे.